अद्भुताची वाट : पैठण ते लखनऊ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला 'माझी आवडती पुस्तके' हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा चरित्रे, प्रवासवर्णने, फार तर एखादी ऐतिहासिक कादंबरी असावी. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे टिपणे लिहिण्यात घालविलेल्या माणसाकडून याहून वेगळी अपेक्षा कोण करील? परंतु मी त्यांना स्पष्टच सांगितले की, माझी खरी आवड अद्भुतकथांची आहे. वेताळ, यक्ष, राक्षस, जादूगार, उडते गालिचे, बोलणारे पोपट. ते क्षणभर थबकले आणि म्हणाले, "मग त्यावरच बोला; निदान मुले तरी बसून ऐकतील." मुले बसलेली दिसत आहेत. मोठ्यांनीही बसावे, अशी विनंती आहे.

अद्भुत हा आपल्याकडे नऊ रसांपैकी एक मानला गेला आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव. शृंगार, वीर, करुण यांच्या पंगतीत त्याचे पान मांडलेले आहे. असे असूनही सुशिक्षित मराठी माणूस अद्भुतकथा वाचावयाची तर लपूनछपून वाचतो. 'सुरस आणि चमत्कारिक' हे शब्द कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी कथांच्या आपल्या भाषांतराला मोठ्या गौरवाने दिले. आज आपण ते कोणाच्या थापेबाजीविषयी बोलताना वापरतो. एका चांगल्या ग्रंथाच्या नावाची अशी अवस्था व्हावी, यातच सारे आले.

माझे आजोळ पैठणचे. त्यामुळे माझ्या यादीतील पहिले पुस्तक मला आजोळचेच वाटते, जरी ते आज अस्तित्वात नाही. मी गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'विषयी बोलत आहे. ती पैशाची भाषेत होती आणि मूळ स्वरूपात ती नष्ट झाली. तिचा ऐवज अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने राणी सूर्यमतीसाठी रचलेल्या 'कथासरित्सागरा'त आणि क्षेमेंद्राच्या 'बृहत्कथामंजरी'त उरला आहे. परंतु ती कशी लिहिली गेली, याची सोमदेवाने दिलेली हकिगत ही स्वतःच एक थोर अद्भुतकथा आहे.

प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आपल्या पैठणात, सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. एक राणी पाण्याच्या माऱ्याने थकली आणि संस्कृतात म्हणाली की, मला पाण्याने मारू नका. राजाला संधी सोडविता आला नाही. त्याला त्या शब्दांत मोदक ऐकू आले आणि त्याने खरोखरच मोदक मागविले. राणी हसली, दासी हसल्या आणि राजाने अंथरूण धरले. व्याकरण शिकल्यावाचून आता गत्यंतर नव्हते. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. तेव्हा गुणाढ्याने पैज लावली की, हे सहा महिन्यांत साधले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याला ते साधले. गुणाढ्य तिन्ही भाषा सोडून, मौन धरून विंध्यारण्यात निघून गेला.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. आपल्यापैकी प्रत्येकाने बदलीच्या, नोकरीच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने गाव सोडले आहे. पण भाषा सोडून अरण्यात जाणे म्हणजे काय, हे त्या माणसाला विचारावे. तेथे त्याने पिशाच्चांची भाषा शिकून घेतली, कारण तेवढीच एक त्याला मोकळी होती. आणि त्या भाषेत त्याने सात वर्षांत सात लक्ष श्लोकांची कथा लिहिली. शाई नव्हती म्हणून आपल्या रक्ताने लिहिली. शिष्यांनी ग्रंथ राजाकडे नेला. राजाने भाषा पाहिली, अक्षरांचा रंग पाहिला आणि नाक मुरडले. ग्रंथ परत आला. गुणाढ्याने अग्निकुंड पेटविले. एकेक पान तो मोठ्याने वाची आणि अग्नीत टाकी. अरण्यातील पशुपक्षी चरणे सोडून भोवती जमले आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, नीरस मांसाने आजार झाला. आचारी म्हणाले, पारधी तसेच मांस आणतात. पारधी म्हणाले, काय करावे, रानातली जनावरे खातच नाहीत, ती कथा ऐकत बसली आहेत. राजा धावत गेला, तेव्हा सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. शिष्यांच्या आवडीची म्हणून मागे ठेवलेली नरवाहनदत्ताची एक लक्षाची कथा तेवढी वाचली.

एका राजाच्या आवडीनिवडीवर साहित्य कसे अवलंबून असते, याचे याहून कडवट चित्र मला तरी कोठे भेटलेले नाही. आणि हे चित्र वास्तववादी लेखकाने काढलेले नाही, हे विशेष.

याच 'कथासरित्सागरा'त वेतालपंचविंशतीही आहे आणि तिच्यातला राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचाच. प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालणारा राजा लोकपरंपरेने पुढे उज्जयिनीच्या विक्रमाला देऊन टाकला. उज्जयिनीकरांना तो लखलाभ असो, पण सोमदेवाची साक्ष आमच्या बाजूने आहे. ज्या गावात रेड्याच्या मुखातून वेद वदविल्याची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, त्या गावाला वेताळ काही जड नाही!

माझ्या पिढीला हा वेताळ भेटला तो 'चांदोबा'त. १९४७ मध्ये मद्रासला तेलुगू आणि तमिळ भाषांत निघालेल्या 'चंदामामा'ची मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाली. शंकर नावाच्या चित्रकाराने रेखाटलेला तो राजा, उपसलेली तलवार आणि पाठीवर लोंबणारे प्रेत, ज्याने लहानपणी पाहिले त्याच्या डोळ्यांपुढून ते जात नाही. हे चित्रकार २०२० मध्ये वारले. मासिक त्याच्या काही वर्षे आधीच बंद पडले होते.

आता मराठीच्या छापील काळाकडे वळतो. चिपळूणकरांचे अरबी कथांचे भाषांतर १८६१ पासून भागाभागांनी निघू लागले आणि पुढे विष्णुशास्त्र्यांनी ते काम चालविले. 'निबंधमाले'चा कठोर लेखक जादूच्या दिव्याच्या पुराव्यांवर हात फिरवीत बसला आहे, ही कल्पना मला फार आवडते. त्याच १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा'. रिसबुडांनी प्रस्तावनेत एक गोष्ट मोठ्या प्रामाणिकपणे सांगितली आहे. तिचा आशय असा की, आमच्या लोकांची लग्ने ज्या रीतीने होतात आणि आमचे आयुष्य ज्या चाकोरीतून जाते, त्यात मन रमेल असे गुण नाहीत आणि दोषही नाहीत. तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहावयाचे तर अद्भुताकडे वळण्यावाचून इलाज नाही. पुढे हरिभाऊ आपट्यांनी त्याच चाकोरीतल्या एका यमूची कहाणी लिहून रिसबुडांचे म्हणणे खोटे पाडले आणि मराठी कादंबरी वास्तवाच्या वाटेला लागली. ते योग्यच झाले. पण अद्भुताला त्या दिवसापासून जे माजघरात बसविले गेले, ते तेथून दिवाणखान्यात पुन्हा आले नाही.

माजघरात त्याचे बरे चालले होते, हेही सांगितले पाहिजे. गो. ना. दातारांच्या 'इंद्रभुवनगुहा', 'कालिकामूर्ती' या कादंबऱ्या आमच्या गावच्या वाचनालयात सुट्टीत कधी जागेवर सापडत नसत. त्यांची कथानके इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सकडून आलेली, पण पेहराव अस्सल एतद्देशीय. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ ची. हे द्वारकानाथ माधव पितळे तरुणपणी सिंहगडावरून कोसळले आणि कमरेखाली लुळे झाले. त्यानंतर त्यांनी लेखणी धरली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने डोंगरदऱ्यांतून घोडी फेकणारे वीर निर्माण केले, हे कळल्यापासून 'वीरधवल' मला नुसती करमणूक वाटत नाही. आणि काशीबाई कानिटकरांचा 'पालखीचा गोंडा' (१९२८) आपण का विसरलो, हे मला कधीच उमगले नाही. स्त्रीच्या हाती राज्य आले तर ते कसे चालेल, याचे ते स्वप्नचित्र आहे. सभागृहातील भगिनींनी तो मिळवून वाचावा. बंधूंनी वाचला तरी हरकत नाही.

मी तेलीबागेत राहावयास आलो तेव्हा रायबरेली रस्त्यावरची रहदारी आणि शारदा कालव्याचे पाणी यांपलीकडे त्या भागात पाहण्यासारखे काही नाही, असे मला सांगण्यात आले होते. खुद्द लखनऊविषयी मराठी माणसाला जे ठाऊक असते ते म्हणजे नवाब, चिकनचे कापड, आणि संगीतप्रेमी असेल तर पंडित भातखंड्यांनी १९२६ मध्ये येथे स्थापिलेले संगीत विद्यालय. हे शहर अद्भुतकथांची केवढी मोठी टांकसाळ होते, याचा पत्ता मला येथे येऊन काही वर्षांनी लागला.

इंशा अल्ला खाँ यांनी १८०० च्या सुमारास येथे 'रानी केतकी की कहानी' लिहिली. परका शब्द येऊ द्यावयाचा नाही, अशी प्रतिज्ञा करून लिहिली. तिच्यात राजपुत्र हरिण होतो आणि डोळ्यांत भस्म घातले की माणूस कोणाला दिसेनासा होतो. पंडित दयाशंकर नसीम यांनी 'गुलबकावली'ची कथा येथेच १८३८ मध्ये काव्यात बांधली. आणि आगा हसन अमानत यांनी १८५३ च्या आसपास 'इंदरसभा' रचली. तीत इंद्राच्या दरबारातली हिरवी परी गुलफाम नावाच्या मर्त्य राजपुत्रावर भाळते, शापित होते आणि जोगीण बनून आपल्या गाण्याने त्याला सोडवून आणते.

ही 'इंदरसभा' पारशी नाटक मंडळ्यांनी उचलली आणि देशभर फिरविली. १८८० मध्ये पुण्यात तिचा प्रयोग अण्णासाहेब किर्लोस्करांनी पाहिला. असे गाण्याने भरलेले नाटक मराठीत का नसावे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला 'शाकुंतला'चे पहिले चार अंक पुण्याच्या रंगभूमीवर आले. मराठी संगीत नाटकाचा जन्म आपण त्या दिवसापासून मोजतो. म्हणजे ज्या नाट्यसंगीताच्या दोन ओळी ऐकून आपल्याला येथे घराची आठवण येते, त्याच्या पत्रिकेत लखनऊच्या एका परीचे नाव आहे. आपण या शहरात उपरे आहोत, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

याहून मोठी गोष्ट मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याची. १८५७ च्या वणव्यात हे शहर होरपळून निघाले आणि १८५८ मध्ये त्यांनी येथे छापखाना काढला. चौकात रात्र-रात्र दास्तान सांगणारे कथनकार होते. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनऊच्या वर्णनात दास्तानीची चार अंगे सांगितली आहेत : युद्ध, मैफल, सौंदर्य व प्रेम, आणि चौथे ऐयारी, म्हणजे वेषांतर आणि चातुर्य. अमीर हमजाची दास्तान त्यांतली सर्वांत थोर. अकबराने तिच्यावर सुमारे १४०० चित्रे काढवून घेतली होती. नवलकिशोर यांनी मुहम्मद हुसैन जाह, अहमद हुसैन कमर आदी कथनकारांना हाताशी धरून ती १८८३ पासून छापावयास घेतली; १८९५ मध्ये ते स्वतः निवर्तले, तरी काम थांबले नाही. एकंदर ४६ खंड निघाले. जगात याहून लांब अद्भुतकथा असेल, असे मला वाटत नाही.

यांतला 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा भाग मूळ फारसी कथेतला नव्हेच. ती लखनऊच्या कथनकारांची स्वतंत्र निर्मिती. तिलिस्म म्हणजे मंत्रबळाने रचलेली मायानगरी. होशरुबाचा सम्राट अफरासियाब हा जादूगारांचा जादूगार. त्याच्या राज्यात दृश्य आणि अदृश्य प्रदेशांमधून रक्ताची नदी वाहते आणि तिच्यावर धुराचा पूल आहे. तिलिस्म मोडावयाचा तर त्याची 'लौह', म्हणजे लिखित पाटी, हाती यावी लागते. तिच्यावर पुढच्या दाराची सूचना उमटते. (बदलीच्या हुकुमांचा अनुभव असलेल्या सभासदांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.) पण या कथेचा खरा नायक हमजा नसून त्याचा मित्र अमर ऐयार आहे. लोभी, कंजूष, विनोदी आणि अजिंक्य. त्याच्या 'जंबील' नावाच्या झोळीत अवघी सृष्टी मावते आणि 'गिलीम' पांघरली की तो अदृश्य होतो.

उर्दू मला नीट वाचता येत नाही. मी हे देवनागरीतून आणि भाषांतरांतून वाचले. सर्व ४६ खंड एकत्र असे कोणत्याच ग्रंथालयात मिळत नसत. ते वर्षानुवर्षे खपून जमविले शम्सुर्रहमान फारूकी यांनी, आणि दास्तानीवर मोठा ग्रंथ लिहिला. फारूकीसाहेब पोटापाण्यासाठी काय करीत? भारतीय डाक सेवेत अधिकारी होते! टपालाच्या फायली हातावेगळ्या करून जो माणूस मायानगरीचे दरवाजे शोधीत होता, तो २०२० मध्ये गेला. आपल्या खात्यांतल्या माणसांविषयी लोक बरेच काही बोलतात. हेही बोलत जावे.

येथून वाट काशीला जाते. जंगलाच्या ठेक्यांवर चुनार-नौगढचे किल्ले आणि दऱ्या हिंडलेल्या देवकीनंदन खत्रींनी तिलिस्म आणि ऐयार उर्दूतून घेऊन १८८८ पासून 'चंद्रकांता' लिहिली, आणि ती वाचता यावी म्हणून असंख्य लोक हिंदी शिकले, असे हिंदी साहित्याचे सर्वच इतिहासकार सांगतात. व्याकरणाच्या पुस्तकाने जे झाले नाही ते एका भुयारी दरवाजाने केले. मराठीच्या भवितव्याविषयी आपण या मंडळात जे ठराव करतो, त्यांच्याशेजारी ही घटना ठेवून पाहावी.

नव्या पुस्तकांविषयी थोडक्यात बोलतो, कारण मुले ती माझ्यापेक्षा अधिक जाणतात. टोल्किनची मुद्रिकांची त्रिखंडात्मक कथा १९५४-५५ ची. मुग्धा कर्णिक यांनी ती 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली. हॅरी पॉटर १९९७ चा. त्याचे मराठी पुस्तक 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने भोपाळहून निघाले. 'परीस' हा शब्द वाचताच मी भाषांतरकाराला मनोमन नमस्कार केला. मूळच्या लांबलचक नावाला आपल्याकडे ज्ञानदेव-नामदेवांपासून चालत आलेला तीन अक्षरी शब्द तयार होता. या दोन्ही कथांत अदृश्य होण्याचे साधन आहे. रानी केतकीचे भस्म, अमरची गिलीम आणि हॅरीचा झगा ही भावंडेच म्हणावीत. वापरणाऱ्याला ती बिघडवीत नाहीत. टोल्किनची अंगठी मात्र जो घालील त्याला आतून पोखरते. दोन महायुद्धे पाहिलेल्या माणसाची ती अंगठी आहे. एवढ्याकरिता मी टोल्किनला रोलिंगबाईंच्या वर ठेवतो. मुलांनी भांडावयाचे असल्यास नंतर भांडावे.

आणि मराठीत? गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या अरबी रात्री सोळा खंडांत मराठीत आणल्या. चिपळूणकरांनी जे सोवळ्यात गुंडाळले होते ते त्यांनी उघडे केले, म्हणून ते खंड मुलांच्या हाती देऊ नयेत. विंदा करंदीकरांचा 'एटू लोकांचा देश' अवश्य द्यावा. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'रमलखुणा' (१९७५) मधील 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा मोठ्यांसाठी. स्थळकाळाचे नाव-गाव नसलेले ते प्रदेश, त्यांतून नियतीचा शोध घेत हिंडणारी माणसे. एवढ्या उंचीचे अद्भुत मराठीत दुसरे नाही, असे माझे मत आहे. जी. एं.नी आयुष्याचा मोठा भाग धारवाडला, आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर काढला. त्याचा या कथांशी संबंध असेल असे मला वाटते. सिद्ध करता येणार नाही.

आता थोडे घरचे. माझ्या मातुःश्री ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. लखनऊत त्यांना बोलावयास माणसे थोडी. हिंदी त्या समजून घेतात, बोलत नाहीत. माझी मुलगी येथेच वाढली. तिचे मराठी स्वयंपाकघरापुरते, आणि शेजारच्या खोलीतल्या आजीशी बोलण्याचे तिचे विषय जेवण आणि औषध यांवर संपत असत. एका घरात राहणाऱ्या दोन माणसांत एवढे अंतर पडलेले पाहणे फार जड जाते. गेल्या हिवाळ्यात परीक्षा आटोपल्यावर तिने आजीला 'परीस' वाचून दाखविण्यास आरंभ केला. देवनागरी तिला हिंदीमुळे येते; अडतो तो 'ळ'. 'काळा' हा शब्द पहिल्या दिवशी 'काला' झाला, आणि 'चोर' हिंदी चोरासारखा आला. आजी अंधारातून दुरुस्त करीत गेली. घुबडे पत्रे घेऊन येतात, हे ऐकून ती म्हणाली, "घुबडाने आणलेले पत्र आमच्या वेळी कुणी हातात धरले नसते." मग अशुभ घुबड आणि लक्ष्मीचे घुबड यांवर अर्धा तास गेला. त्या पुस्तकाला दोन महिने लागले. त्यानंतर मोबदला म्हणून आजीने वेताळाच्या गोष्टी सांगितल्या. पंचवीसपैकी तिला एकोणीस आठवल्या. उरलेल्या सहा कोणत्या, याचा शोध नात करीत आहे.

कार्यकारिणीपुढे सध्या एक प्रश्न आहे, तो आपणांस ठाऊक आहे. सभागृहाच्या नूतनीकरणात पुस्तकांच्या दोन कपाटांना जागा उरत नाही, आणि गेल्या कित्येक वर्षांत त्यांतून फारसे कोणी काही नेलेले नाही, तेव्हा ती रद्दीत द्यावीत अशी सूचना आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही; वाळवी लागली आहे हे खरेच आहे. मी गेल्या रविवारी ती कपाटे उघडून पाहिली. 'वीरधवल' आहे, पहिली पाने नाहीत. दातारांच्या चार कादंबऱ्या आहेत. 'चांदोबा'चे दोन बांधीव वर्षसंच आहेत आणि चिपळूणकरांच्या अरबी गोष्टींची एक जाड प्रत, हिला मात्र वाळवीने हात लावलेला नाही. माझ्या तेलीबागच्या घरी पुढची खोली रिकामी आहे आणि कोरडी आहे. नूतनीकरण पुरे होईपर्यंत दोन्ही कपाटे तेथे ठेवण्याची परवानगी मी अध्यक्षांकडे लेखी मागितली आहे. परवानगी मिळाल्यास दर रविवारी दहा ते बारा दार उघडे राहील. पुस्तक घरी न्यावयाचे की तेथेच बसून वाचावयाचे, ते ज्याचे त्याने ठरवावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखविण्याची जबाबदारी माझ्या मुलीने घेतली आहे, आणि चुका काढण्यासाठी मातुःश्री आहेतच.